जरा मध्ये ये

प्रिय पोरी,

आधी ‘चिरंजीव’ लिहिलं होतं, मग खोडलं. चिरंजीव लिहायला नातं लागतं, नाहीतर निदान हक्क तरी लागतो, आणि तुझ्यावरचा हक्क मी नको तितका वापरून घेतलाय. दोन वर्षं तू मला फोटोकाका म्हणालीस, मी तुला पोरी म्हणालो. तेवढंच आपलं खरं, म्हणून तेच वर ठेवलं. पत्र हातानं लिहितोय, अक्षर सांभाळून घे. ज्या मुलांची तक्रार चालू आहे त्यांच्याशी आमच्या विभागातल्या कुणी संपर्क ठेवायचा नाही, अशी तोंडी ताकीद मिळाली आहे. लेखी नाही, तोंडी. इथं भीतीच्या गोष्टी तोंडी असतात आणि सह्यांच्या तेवढ्या लेखी. तुझा पत्ता वसतिगृहाच्या मावशींनी दिला. देताना म्हणाल्या, ‘मी दिला नाही आणि तुम्ही घेतला नाही. आणि तिला कळवा, तिची चादर मी धुऊन घडी करून ठेवलीय.’ तर कळवलं.

तू घरी, तुमच्या सरोवराकाठी, गेलीस त्याला आज सात आठवडे झाले. इथली बातमी म्हणजे गेल्या आठवड्यात वारा सुटला आणि विद्यापीठाच्या मुख्य फाटकावरचा तुझा फलक एका कोपऱ्यात फाटला. मला मनातून बरं वाटलं, म्हटलं आता तरी उतरवतील. पण माळीबुवा शिडी लावून चढले, फाटल्या जागी तार ओवली आणि फलक पहिल्यापेक्षा घट्ट ताणून बांधला. तार तुझ्या खांद्याजवळून गेली आहे. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून तो सरळ दिसतो. वीस फूट उंचीची तू मान मागे टाकून हसते आहेस, दोन्ही बाजूंना दोन दोन जण तुझ्याकडे बघून हसताहेत, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘बत्तीस समाज, एकोणीस भाषा, एक परिवार.’ परवा मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. आमच्या बाई आत आल्या आणि म्हणाल्या, ‘काय हो, गृहपाठ केला नाही म्हणून बसवलंय का कुणी?’ मी हसलो. हसण्याची सवय आमच्या खात्यात सगळ्यांनाच लागते.

बाईंना तू ओळखतेस. प्रसिद्धी विभागाच्या प्रमुख. माणूस म्हणून वाईट नाहीत. माझी बायको आजारी होती तेव्हा त्यांनी मला तीन आठवडे रजा न मांडता घरी राहू दिलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्या वाईट दिसतील, आणि मला कुणालाही एका बाजूनं दाखवायचं नाही. तो धंदा मी पुष्कळ केला.

तुझा पहिला फोटो तुला आठवतो का? ओळखपत्रांसाठी रांग लागली होती. तू आलीस तेव्हा तुझे केस ओले होते आणि बॅगेचा पट्टा तू दोन्ही हातांनी धरला होतास, जणू कुणी ओढून नेईल. तू विचारलंस, ‘काका, हसू का?’ मी म्हणालो, ओळखपत्रावर हसायला मनाई आहे, हसायचं ते नंतर. बाई त्याच वेळी मागून डोकावल्या आणि पडद्यावर तुला बघून थांबल्या. ‘ही कुठली?’ मी फॉर्म बघून सांगितलं. ‘अरे वा. त्या बाजूची आपल्याकडे कुणीच नव्हती. चेहरा किती वेगळा आहे बघा. हिचा नंबर लिहून ठेवा.’ मी लिहून ठेवला. पोरी, एवढंच झालं. कुणी कट केला नाही, कुणी दार लावून बसलं नाही. एका कागदाच्या मागच्या बाजूला मी एक फोन नंबर लिहिला आणि पुढची दोन वर्षं तू त्या कागदावरून सुटली नाहीस.

त्या यादीत पाच जण होते. तू, तो लांबलचक फुटबॉलवाला ज्याला सगळे शिडी म्हणायचे, आणि आणखी तिघं. कुठलाही विभाग माहितीपत्रक काढायचा म्हटला की बाई म्हणायच्या, ‘यादी बोलवा.’ तू शिकायला आलीस दगड-माती, आणि मी तुला रसायनाच्या प्रयोगशाळेत दुसऱ्याचा पांढरा कोट घालून उभं केलं. कायद्याच्या वर्गात बसवलं. ज्या खेळाची बॅट तू जन्मात धरली नव्हतीस ती हातात दिली. शिडी यायचा आणि दारातूनच ओरडायचा, ‘फोटोकाका, आज आम्ही कोण? डॉक्टर की वकील? घरी कळवायला बरं!’ तू तेव्हा हसायचीस. बाईंचं एक गणितही होतं. सहा जणांत एक तुमच्यासारखा, फार तर दोन. तिसरा आला की म्हणायच्या, ‘नको, खोटं वाटतं.’ आणि तो एक कडेला असून चालायचं नाही. कडेला असला की ‘एकटा पडल्यासारखा दिसतो’. म्हणून मी दरवेळी कॅमेऱ्यामागून तेच म्हणायचो, ‘पोरी, जरा मध्ये ये.’ तू यायचीस. बाकीचे सरकून जागा करायचे. ते जागा करायचे की अंग चोरायचे, हे भिंगातून सारखंच दिसतं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तू माझ्याकडे आली होतीस, एकटी. म्हणालीस, ‘काका, मला यादीतून काढा ना. वर्गात मला पोस्टर म्हणतात. मी काही विचारायला हात वर केला तर मागून कुणीतरी म्हणतं, थांबा, पोस्टर बोलतंय.’ मी काय उत्तर दिलं ते तू विसरली असशील तर बरं, पण मी विसरलो नाही. मी म्हणालो, एवढ्या वेळी ये, वार्षिक अंक आहे, पुढच्या वेळेपासून बघतो. तुला वाटलं असेल काकांनी मनावर घेतलं. मी बाईंपाशी शब्दही काढला नाही. त्या माझ्याशी चांगल्या वागल्या होत्या, आणि चांगल्या वागलेल्या माणसाला नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. वाईट माणसाला नाही म्हणायला धैर्य लागतं म्हणतात. चांगल्याला म्हणायला त्याहून जास्त लागतं.

खरं तर मला कळायला हवं होतं. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. आमच्या वाडीची पोरं दाराजवळ बसायची, चपलांच्या बाजूला. असा नियम नव्हता, पण बसायची तिथंच. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी गुरुजी मला मात्र पहिल्या बाकावर बसवायचे, कारण मला कविता पाठ असायच्या आणि साहेबांना दाखवायचं असायचं की बघा, वाडीतलं पोरसुद्धा कसं खणखणीत म्हणतं. मी म्हणायचो. साहेब पाठीवर थाप मारायचे. त्यांची जीप वळणावरून गेली की गुरुजी खुणेनं सांगायचे, आणि मी दप्तर उचलून परत दाराजवळ. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, हेच आता आठवून वाईट वाटतं. मी तर घरी जाऊन आईला सांगायचो की आज मी पुढे बसलो होतो. ती म्हणायची, ‘उद्या कुठं बसणार रे?’ मला त्या प्रश्नाचा राग यायचा. तुला बॅट हातात धरून उभं करताना आईचा तो प्रश्न मला एकदाही आठवला नाही. आठवला तो तुझी तक्रार वाचताना.

तुझी तक्रार मी वाचली आहे. ती मला वाचायला मिळायला नको होती, पण बाईंनीच प्रत दिली. म्हणाल्या, ‘हे बघा, आणि याला उत्तर देतील असे फोटो काढा शोधून. दोन वर्षांचे आहेत ना तुमच्याकडे? मुलगी म्हणते तिला कुणी जवळ बसू दिलं नाही. आपल्याकडे तर ती प्रत्येक फोटोत मधोमध आहे.’ मी कागद घेऊन बसलो. तुझी भाषा साधी आहे. ‘मी वर्गात आले की खिडक्या उघडतात.’ हे पहिलंच वाक्य. मग तुमच्याकडे मासे वाळवतात म्हणून तुझ्या कपड्यांना वास येतो असं म्हणणं, तुझ्या खुर्चीवर अत्तर शिंपडणं, सहलीच्या बसमध्ये तुझ्या शेजारची जागा रिकामी ठेवून तिघांनी उभ्यानं जाणं, खोलीतल्या दोघींनी खोली बदलून मागणं. पण मी पहिल्याच वाक्याशी अडकलो. उठलो आणि जुने फोटो उघडले. भूगर्भशास्त्राचा वर्ग, तू मध्ये, खिडक्या सताड उघड्या. वाचनालयाची बैठकीची खोली, तू मध्ये, खिडक्या उघड्या. थंडीचे दिवस, मुलं स्वेटर घालून कुडकुडताहेत, आणि खिडक्या उघड्या. मला ते वर्ग आठवत होते पोरी. प्रत्येक वेळी मी खूश झालो होतो. मनात म्हटलं होतं, या वर्गात उजेड काय सुंदर येतो. फ्लॅश लावावा लागत नाही.

बाईंनी माझ्याकडून बारा फोटो निवडून घेतले. सुनावणी वीस तारखेला आहे, हे तुलाही कळवलं असेल. चौकशी समितीपुढे ते बारा फोटो ठेवणार, आणि त्यांच्यासोबत माझं एक निवेदन. ते टाइप होऊन आलं आहे, माझ्या टेबलाच्या खणात आहे. ‘सोबतची छायाचित्रे मी विद्यार्थ्यांच्या दैनंदिन वावरातील नैसर्गिक क्षणी, कोणतीही मांडणी न करता काढलेली आहेत.’ खाली माझं नाव, हुद्दा, आणि सहीची जागा. ते आलं त्या दिवशी मी म्हणालो, वाचून देतो. बाई म्हणाल्या, ‘त्यात वाचायचं काय? तुमचंच काम आहे, तुम्हाला माहीतच आहे.’ दुसऱ्या दिवशी म्हणालो चष्मा विसरलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला. मी तो लावला, आणि खरंच सांगतो, सगळं स्पष्ट दिसलं, म्हणून काढून परत दिला आणि म्हणालो, डोकं दुखतंय. आता त्या काही म्हणत नाहीत. रोज सकाळी येऊन माझ्या टेबलावर एक पेन ठेवतात. सात पेनं जमली आहेत.

तुला त्या फोटोंबद्दल एक सांगायचंय. फलकावरचा जो फोटो आहे, ज्यात तू इतकी मोकळी हसतेस, त्याला बक्षीस मिळालं. सगळ्यांना वाटतं मैत्रिणीनं काही विनोद केला असेल. तुला ठाऊक आहे काय झालं होतं. वाऱ्यानं उजेड परतवायचा चंदेरी पडदा उडाला आणि माझ्या तोंडावर चिकटला, मी चाचपडत मागे गेलो आणि तिपाईसकट फुलांच्या वाफ्यात बसलो. तू त्याला हसलीस. बाकीचे तुझ्या हसण्याकडे बघत होते. रिमोटचं बटण माझ्या हातात होतं, पडता पडता दाबलं गेलं. ते हसू माझ्या फजितीचं आहे. त्या चौघांचा त्यात काडीचाही वाटा नाही. आणि मला उठवायला वाफ्यात कोण उतरलं, तर तू. ‘एक परिवार’ म्हणून जे हसू त्यांनी वर टांगलंय, ते आपल्या दोघांतलं होतं.

तिपाई पुन्हा उभी करून मी आणखी दोन-चार फोटो काढले, मग म्हणालो, ‘झालं’. इथं मला माझी एक सवय तुला सांगावी लागेल. ती मी इथं कुणालाच सांगितलेली नाही. गावात ज्या वस्तादांच्या स्टुडिओत मी काम शिकलो, ते म्हणायचे, ‘फोटो गिऱ्हाइकासाठी काढायचा. मग झालं म्हणायचं. आणि मग एक काढायचा. झालं ऐकलं की माणूस आपल्या तोंडात परत येतो.’ ते जास्तीचे फोटो ते कधी विकायचे नाहीत, दाखवायचेही नाहीत. कुणाच्या घरचं कुणी वारलं आणि घरचे रडत आले की ते पेटीतून शोधून द्यायचे. लोक म्हणायचे, हाच खरा. तीच खोड मला लागली. अकरा वर्षांत मी इथं जितक्या वेळा ‘झालं’ म्हणालो, तितक्या वेळा त्यानंतर एकदा बटण दाबलं. आवाज बंद असतो, कुणाला कळत नाही. ते सगळे मी वेगळे ठेवलेत.

तुझे दोनशेच्या वर आहेत. मी परवा ते ओळीनं बघितले. प्रयोगशाळेत बाकीचे पाठमोरे निघालेत आणि तू कोटाची गुंडी सोडवते आहेस. वाचनालयात तुझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या ओढलेल्या, रिकाम्या. एकात तू भिंतीकडे तोंड करून बाहीनं डोळे पुसते आहेस, आणि मागे खिडकी उघडी. एकामागून एक बघत गेलं की वाटतं कुणीतरी तुझ्याभोवती खडूनं गोल काढलाय आणि तू चालशील तिथं तो गोल चालतोय. तुझ्या तक्रारीत जे नाही तेसुद्धा त्यांत आहे.

आणि फलकाच्या त्या दिवसाचा ‘झालं’ नंतरचा एक आहे. त्यात तू माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, अजून हसतच बघते आहेस, तुझ्या हातात माझी तिपाई सावरताना लागलेली माती आहे. उजवीकडच्या दोघी निघाल्यात. आणि डावीकडचा मुलगा तुझ्यामागे एक पाऊल सरकून, त्या दोघींना हसवायला, दोन बोटांनी नाक दाबून उभा आहे. दुसरा हात पंख्यासारखा हलवतोय. इतका स्पष्ट की बोटांची नखं मोजता येतील.

तो माझा मुलगा आहे.

त्या दिवशी चार जणांतला एक आला नव्हता. मुलगा इथंच शिकतो, घराची किल्ली द्यायला आला होता, बाई म्हणाल्या, ‘हाच उभा राहू दे, चेहरा अगदी आपल्याकडचा आहे.’ मीच त्याला तुझ्या शेजारी उभं केलं. तुला तो माझा आहे हे कधी कळलं नसावं. तो सगळ्यांसमोर मला बाबा म्हणत नाही, सर म्हणतो. आणि हेही लिहून टाकतो, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. तो फोटो मी चौदा महिन्यांपूर्वी, त्याच दुपारी पाहिला होता. पाहिला आणि मनाशी म्हणालो, शिंक आली असेल त्याला. रोज सकाळी देवासमोर बसणारा माणूस मी. डोळे मिटून बसायची सवय कुठं कुठं उपयोगी पडते बघ.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘नाकावरच बोट ठेवलंय ना त्यानं? कुणाच्या गळ्यावर तर नाही ठेवलं.’ मग जरा वेळानं म्हणाली, ‘अहो, हे घर विद्यापीठाचं आहे. पोराचं शेवटचं वर्ष आहे. तिचं नाव लागेल तिथं त्याचं नाव लागेल. तुम्ही कुणाचे बाप आहात ते एकदा ठरवा.’ आणि मग विळी बाजूला सारून रडायला लागली, कारण ती मनानं तशी नाही. तुझा फलकावरचा चेहरा बघून तीच एकदा म्हणाली होती, किती गोड आहे गं ही, हिच्या आईला किती आठवण येत असेल. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, ‘बाबा, सगळेच करायचे. मी काय एकटा?’ मी म्हणालो, पण हात तुझा आहे. तर म्हणाला, ‘आणि तुम्ही बघितलं होतंत ना? मग तेव्हा का नाही थोबाडीत मारलीत?’ तो दार आपटून गेला नाही. तिथंच बसून राहिला, नखं कुरतडत. तेव्हापासून आम्ही तिघं एकत्र जेवायला बसतो आणि पाणी मागायलासुद्धा कुणी तोंड उघडत नाही. तीन खोल्यांचं घर, पण कुठल्याही खोलीत गेलं तरी त्याच खोलीत असल्यासारखं वाटतं. नोकरी सोडून गावी जावं म्हटलं तर गावात स्टुडिओ राहिला नाही, वस्ताद राहिले नाहीत. सही करावी तर सकाळी देवापुढे काय तोंडानं बसू. न करावी तर बायकोपुढे काय तोंडानं बसू. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात ना, तसं. फक्त इथं धरणाराही मीच आणि चावणाराही मीच.

देवाला विचारून पाहिलं. आमचा देव बोलत नाही, तुमचा बोलतो का? पण एक झालं. परवा सकाळी बसलो असताना माझ्या मनात तुझ्यासाठी काही मागावं असं आलं, आणि मला सुचेना काय मागू. कारण तुला काय हवं आहे हे मला माहीतच नाही. दोन वर्षं मी तुझ्याकडे इतकं निरखून बघितलं, तुझा कुठला गाल उजेडात बरा दिसतो ते मला ठाऊक आहे. आणि तुला काय हवं ते मी एकदाही विचारलं नाही. म्हणून उठलो आणि हे पत्र लिहायला घेतलं.

त्या कागदावर मी सही करणार नाही, हे ठरलं. वीस तारखेला समितीपुढे उभा राहून तोंडानं सांगेन की हे बाराही फोटो मांडलेले आहेत, मुलांना मी बोलावलं, मी बसवलं, कोण कुठं हे मी ठरवलं. ते माझं काम होतं, ते कबूल करायला मला कुणाची परवानगी नको, मुलाची नको आणि बायकोचीही नको. पण ते नंतरचे फोटो माझे एकट्याचे नाहीत. ते दिले तर समितीची सात माणसं ते भिंतीवर मोठे करून बघतील, तुझं डोळे पुसणं, तुझ्या रिकाम्या खुर्च्या. तुझी बाजू त्यांच्याइतकं ठणकावून दुसरं काही सांगणार नाही, आणि त्यांच्याइतकं उघडंही तुला दुसरं काही करणार नाही. भला माणूस न विचारता देऊन मोकळा झाला असता कदाचित. मीही आत्तापर्यंत न विचारताच काढत आणि देत आलो, आणि त्यातूनच हे सगळं झालं. म्हणून विचारतोय. देऊ का? नाक दाबलेला तोही त्यातच आहे. त्याचा विचार तू करू नकोस, आमच्या घराचाही नको, तो आमचा आम्ही करू; मुलानं हे पत्र वाचलं आहे आणि ‘तो वगळा’ असं तो म्हणालेला नाही. पत्र तुला बारा-तेरा तारखेला मिळेल. मावशींना फोन केलास तरी मला कळेल. कारण सांगू नकोस, समजूत घालू नकोस, मला माफ केलं असंही म्हणू नकोस. नुसतं ‘द्या’ म्हण किंवा ‘नको’ म्हण. तू जे म्हणशील तेच मी करीन, आणि तू काहीच म्हणाली नाहीस तर ते ‘नको’ आहे असं धरून चालेन.

तुझ्या एका शब्दाची वाट बघणारा,
तुझाच,
फोटोकाका